सापाची कात आणि हवेतला ओलावा

'कात टाकणे' हा शब्दप्रयोग आपण नेहमी करतो. गावाने कात टाकली, शाळेने कात टाकली, असे सहज बोलून जातो. पण ज्याच्यावरून हा शब्द आला, त्या सापाला कात टाकायला काय लागते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. त्याला लागते ती बेताची ओलसर हवा. पकडून पेटीत ठेवलेल्या सापाचे तर आरोग्य पुष्कळसे या एका गोष्टीवर अवलंबून असते. आज त्याविषयीच थोडे बोलू.

प्रथम हवेतला ओलावा म्हणजे काय ते पाहू. हवेत पाण्याची वाफ असते. उष्ण हवेत ती जास्त मावते, थंड हवेत कमी. जेवढी मावू शकेल, तिच्या शेकडा किती वाफ प्रत्यक्षात आहे, या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. दोन सारखे तापमापक शेजारी टांगावेत. एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. चिंधीतल्या पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते, म्हणून हा तापमापक कमी तापमान दाखवतो. मे महिन्यात दुपारी दोहोंतला फरक चांगला मोठा दिसेल. आषाढात झड लागली की तो जवळजवळ नाहीसा होईल. फरक जितका थोडा, तितकी हवा दमट.

आता सापाकडे वळू. कात टाकण्याआधी सापाचा रंग मळकट होतो आणि डोळे निळसर, दुधाळ दिसू लागतात. जुन्या कातडीखाली नवी तयार झालेली असते आणि दोहोंच्या मध्ये एक पातळ द्रव येतो, त्याचा हा परिणाम. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. मग साप दगडावर किंवा काटकीवर तोंड घासतो, ओठापाशी कात सुटते आणि पायमोजा उलटा काढावा तशी ती शेपटीपर्यंत निघत जाते. निरोगी सापाची कात बहुधा अखंड निघते.

हवा फार कोरडी असली की हा द्रव लवकर सुकतो. कात तुकड्यातुकड्यांनी निघते, कुठे कुठे चिकटूनच राहते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याचे झाकण असते आणि कातीबरोबर त्याचाही पापुद्रा निघावा लागतो. तो राहिला तर नजर मंदावते. शेपटीच्या टोकाला कातीचे कडे राहिले तर ते आवळत जाते, रक्त पोचत नाही आणि टोक झडते. असा पापुद्रा नखाने किंवा चिमट्याने ओढू नये, खालचा डोळाच दुखावतो. जाणकार माणसे सापाला काही वेळ ओलसर कापडाच्या पिशवीत ठेवतात आणि कात आपोआप मऊ होऊ देतात.

मग सगळी पेटी भिजवून टाकावी काय? मुळीच नाही. सतत ओल राहिली की बुरशी धरते, पोटाखालचे खवले कुजतात, अंगावर फोड येतात. कोंदट हवेत फुप्फुसाचे विकारही जडतात. आपला विहिरीतला विरोळा घ्या. तो पाण्यातला साप खरा, पण त्यालाही अंग वाळवायला कोरडी जागा हवीच. फुरसे तर कोरड्या, दगडाळ माळाचे रहिवासी. म्हणजे प्रत्येक जातीचे मान वेगळे.

परदेशांत पुष्कळ लोक घरी साप पाळतात. त्यांतला एक लोकप्रिय साप म्हणजे बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिन या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांतला हा लहान अजगर उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो. बाहेर ऊन रणरणत असले तरी बिळात गारवा आणि ओल टिकून असते. म्हणून त्याच्या पेटीत शेकडा साठच्या आसपास आर्द्रता राखतात, कातीच्या वेळी थोडी अधिक. थंडीत पेटीला ऊब दिली की हवा आणखी कोरडी होते, कारण वाफ तेवढीच राहते पण हवेची धारणशक्ती वाढते. अशा वेळी पाण्याचे पसरट भांडे ठेवतात आणि एका कोपऱ्यात ओल्या शेवाळाची लहान डबी देतात. बाकीची पेटी कोरडी, भोकांतून वारा खेळता. ओल हवी तेव्हा साप डबीत शिरतो, नको तेव्हा बाहेर येतो. निवड त्याच्यावर सोपवणे, हेच यातले मर्म.

तुम्ही म्हणाल, याचा आम्हा शेतकऱ्यांशी काय संबंध? संबंध जिवाचा आहे. सर्पदंशावरची लस सापाच्या विषापासूनच तयार होते. तामिळनाडूत मामल्लपुरमजवळ इरुला जमातीच्या लोकांची १९७८ साली स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष काढतात. साप ठेवतात ते मातीच्या मडक्यांत. तळाला वाळू, तोंडाला सुती फडके. मडके सच्छिद्र, त्यामुळे ओल कोंडत नाही आणि आत ऊनही भाजत नाही. आपल्या घरच्या माठाचेच हे तत्त्व. काही आठवडे ठेवून, विष काढून साप पुन्हा रानात सोडतात. साप धड राहिला तर विष मिळणार, आणि विष मिळाले तर दवाखान्यात लस असणार.

याउलट गारुड्याच्या टोपलीतला नाग पाहा. दात उपटलेला, दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवलेला. नागपंचमीला तो दुधाला तोंड लावतो आणि आपण म्हणतो, नागोबा दूध प्याला! तो तहानेने व्याकूळ असतो, म्हणून समोर येईल ते पितो. दूध त्याला पचत नाही. त्याला हवे असते साधे पाणी.

मुलांना एवढे मात्र जरूर सांगा, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपल्याकडे रानातला साप पकडून घरी पाळणे हा गुन्हा आहे. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता, वेळ न दवडता, दवाखाना गाठायचा. आणि शाळेच्या आवारात कात सापडली, तर आधी आसपास साप नाही ना, हे पाहून ती काठीने उचलावी. डोळ्यांवरचे पापुद्रे तिच्यात आहेत का, शेपटीचे टोक पुरे आहे का, हे मुलांना शोधू द्या. दोन्ही शाबूत असतील, तर त्या सापाला हवी तेवढी ओल कुठेतरी जवळच मिळाली आहे, असे समजावे. मग कुडाशेजारचा सरपणाचा ढीग आणि पडवीतली अडगळ तेवढी हलवून टाका.