यंत्राची भूक आणि विजेचा हिशेब



कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्याने टोकावड्यात संगणकाच्या पॉवर सप्लायवर बोलावे, याचे नवल वाटेल. परंतु पगारातून साठवलेली पुंजी घालून आभासी चलन ‘खणणारे’ यंत्र घरी बसवू पाहणारा तरुण सल्ल्यास येतो, तेव्हा आम्हांस गप्प बसवत नाही.

हे खणणे म्हणजे अखंड आकडेमोड. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. या यंत्रास रविवार नाही. म्हणून त्याला वीज पुरवणारी पेटी तिच्या ताकदीच्या ८० टक्क्यांवर राबवू नये.

उदाहरण घ्या. १५० वॅटची सहा कार्डे, म्हणजे ९०० वॅट. इतर भागांचे १०० धरून १०००. तर पेटी १२५० वॅटची हवी. तिची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर मीटरवरून ११११ वॅट ओढले जातील, महिन्यास ८०० युनिट. स्वस्तातली ८० टक्क्यांची घेतली तर ९०० युनिट. हे शंभर युनिट निव्वळ उष्णता होऊन घरात साठतात, आणि त्यांचे बिल मात्र आपण भरतो.

आता आपल्याकडची गोष्ट. दाब २३० व्होल्ट असता ही पेटी पावणेपाच अँपिअरच्या आसपास घेते. लाइनीच्या शेवटच्या टोकाला दाब १८० वर उतरला की तीच पेटी सव्वासहा अँपिअर ओढते. कारण तिला वॅट तेवढेच हवेत. सहा अँपिअरचे सॉकेट तेथे पुरत नाही. सोळा अँपिअरचे सॉकेट, स्वतंत्र जाड तार आणि खरे अर्थिंग हवे. पेटीतून निघणारा लहान ‘साटा’ जोड १२ व्होल्टवर ५४ वॅटच पेलतो. रायझरवरील कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकते. तेथे काटकसर केली तर जोड वितळतो, आणि आग घराला लागते.

शेवटी मिळकत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खणण्याची पद्धतच बंद केली आणि अशा कार्डांचे मोठे काम गेले. १ एप्रिल २०२२ पासून आभासी चलनाच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यातून विजेचे बिल वजा होत नाही.

आम्ही त्या तरुणास नको म्हटले नाही. मीटरचे बिल आणि कागद पुढे ठेवून म्हटले, ‘आधी हिशेब मांड, मग पेटी घे.’ हिशेब मांडल्यावर तो बराच वेळ बोलला नाही.