दीदी, कुठून सुरू करू?

(रायपूरमध्ये पदवीधर विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना निम्मं हिंदी होतं, इथे सगळं मराठीत लिहून काढलं आहे.)



मला 'आवडती पुस्तकं' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय सोपा वाटतो, म्हणून मी हो म्हटलं. पण आधी माझी एक चूक सांगते, कारण आजचं सगळं बोलणं त्या चुकीतूनच आलंय.

दोन वर्षांपूर्वी एम.ए.ला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली. सतनामी घरातली, गावातून पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. म्हणाली, दीदी, मला वाचायचंय, कुठून सुरू करू? मला इतका आनंद झाला की त्याच रात्री बसून मी तिला चाळीस पुस्तकांची यादी टाइप करून पाठवली. विषयवार, क्रमवार. तिने हात जोडल्याची खूण पाठवली आणि पुढचे दोन महिने ती मला दिसलीच नाही. लायब्ररीत दिसली की वळून जायची. चाळीसपैकी एकही पुस्तक वाचलं नाही, मग दीदीला तोंड कसं दाखवायचं!

मला हे कळायला हवं होतं. माझ्यासोबतही हेच झालं होतं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांनी मला अशीच लांब यादी दिली आणि वर म्हणाले, तुझ्या लिखाणात भावना आहेत, सिद्धांत नाही; हे वाच आणि मग बोल. यादी हातात घेऊन मी वसतिगृहाच्या जिन्यात बसले होते. ज्याच्या घरी आधी कोणी वाचलेलं असतं, त्याला यादी म्हणजे जेवणाचं ताट वाटते. आपल्याला ती प्रवेश परीक्षेसारखी वाटते.

आता ज्यांनी हे बरोबर केलं त्यांची गोष्ट. मुंबईत चर्नी रोडची बाग आहे. शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी तिथे येऊन वाचत बसायचा. विल्सन हायस्कूलमध्ये शिकवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर तिथे यायचे. त्यांनी त्या मुलाची विचारपूस केली आणि मग स्वतःकडची पुस्तकं त्याला वाचायला द्यायला लागले. मुलगा म्हणजे भीमराव. पुढे त्याच्या सत्काराच्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं मराठी चरित्र त्याला भेट दिलं. हे पुस्तक 1898चं. धनंजय कीरांच्या चरित्रात ही सभा 1907 साली मॅट्रिक झाल्यावरची आहे. बाबासाहेब मात्र 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथी पास झाल्याचा सत्कार म्हणतात. कोणतं बरोबर, यावर मी इथे भांडत नाही. मला त्या प्रस्तावनेतली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ते पुस्तक वाचून त्या मुलाने थेट वडिलांनाच प्रश्न केला, की आमच्याकडून रामायण-महाभारत वाचून घेता, मग बुद्धाचं का नाही?

एका पुस्तकाने 14 ऑक्टोबर 1956 घडवला, असं मी म्हणणार नाही. मधे जवळपास पन्नास वर्षं आहेत, महाड आहे, नाशिक आहे, येवला आहे. पण केळुसकरांनी आधी मुलगा काय वाचतोय ते पाहिलं, आणि मग एकेक पुस्तक हातात दिलं. जातीने ते मराठा. पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांनी खटपट केली. म्हणजे पुस्तक देऊन ते मोकळे झाले नाहीत.

तर दोन महिन्यांनी मी त्या मुलीला चहाला बोलावलं, यादी फाडून टाक म्हटलं, आणि बॅगेतून एकच गोष्ट काढून दिली. बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा', हिंदीतून. पुस्तक कसलं, एका बैठकीत संपणारी आठवणींची थोडीशी पानं. लहान भावंडं वडिलांना भेटायला गोरेगावकडे निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात आणि त्यांची जात कळल्यावर बैलगाडी मिळत नाही, ती 1901ची आठवण त्यात आहे. कोलंबियाहून परत आलेल्या माणसाला बडोद्यात राहायला जागा मिळत नाही, तीही आहे. हे त्यांच्या हयातीत छापलंच गेलं नाही. पुस्तिका निघाली 1990 साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडून. तिने रात्रीच वाचलं आणि सकाळी फोन केला, दीदी, अजून.

'अजून' म्हटलं की मगच दुसरं पुस्तक द्यायचं. हा माझा तेव्हापासूनचा नियम.

मी तिला दुसरं दिलं कौसल्या बैसंत्री यांचं 'दोहरा अभिशाप', 1999चं. बाई नागपूरच्या, घरची भाषा मराठी, आणि आत्मकथन लिहिलं थेट हिंदीत. आईवडील गिरणीत राबणारे. तुम्ही म्हणाल, एवढी मोठी मराठी दलित आत्मकथनांची परंपरा असताना हे का? कारण रायपूर. माझे आजोबा भंडाऱ्याकडून रेल्वेच्या कामाला इथे आले तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, 1 नोव्हेंबर 1956ला, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रायपूर भोपाळच्या हाताखाली. आमच्या घरी मराठी बोलण्यात राहिली, शाळा हिंदी झाली. मी मराठी वाचायला शिकले ती एकोणिसाव्या वर्षी, 'बलुतं' समोर ठेवून. लिपी तीच असल्यामुळे वाचता येतं असं वाटतं, आणि पहिल्या पानावर दम निघतो! म्हणून इथे मध्ये उभी असलेली पुस्तकं लागतात.

'दोहरा अभिशाप'मध्ये जाईबाई चौधरी येतात. नागपुरात एकेकाळी डोक्यावर ओझी वाहणारी ही बाई शिकली आणि वस्तीतल्या मुलींसाठी शाळा चालवायला लागली. याच जाईबाई पुन्हा भेटतात त्या 'आम्हीही इतिहास घडवला'मध्ये. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून, आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या घरी बसून हे पुस्तक 1989 मध्ये उभं केलं. 20 जुलै 1942ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, आणि 'दोहरा अभिशाप'मधली कौसल्या त्याच काळातली कॉलेजची पोरगी. एका पुस्तकातली बाई दुसऱ्यात भेटली की वाचणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, अरे, मला हे गाव माहीत आहे! माझ्या मते वाचनाची गोडी तिथे लागते.

त्याच गावात वसंत मून यांची 'वस्ती' आहे. समता सैनिक दल, खेळ, मारामाऱ्या, भूक, आणि शेवटाकडे दीक्षा. सरकारी ग्रंथमालेत बाबासाहेबांचे इंग्रजी खंड संपादित करणारा हा माणूस स्वतःच्या मोहल्ल्याबद्दल लिहिताना कुठेही अवजड होत नाही. मुलांना मी हेच देते. आणि नोकरीच्या मुलाखतीहून कोणी उतरलेल्या चेहऱ्याने आलं, तर कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट'. संस्कृत शिकलेली मुलगी, गुण उत्तम, माहेरचं आडनाव असेपर्यंत नोकरी नाही. आंतरजातीय लग्नाने आडनाव बदललं आणि नोकरी मिळाली. यशाचं श्रेय कोणाला द्यायचं, हा प्रश्न त्या स्वतःलाच विचारतात आणि स्वतःला सूट देत नाहीत. मुलाखतीत आपलं पूर्ण नाव दोनदा का विचारलं जातं, हे मला यानंतर कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता अडचणीची गोष्ट. ही चार-पाच पुस्तकं झाल्यावर त्या मुलीने मला विचारलं, दीदी, सगळं नागपूर, सगळं महाराष्ट्र, यात आम्ही कुठे आहोत?

मला उत्तर नव्हतं. आपण महाराष्ट्राकडून आलेले लोक इथे जरा दादागिरी करतो, हे मान्य करायला पाहिजे. आमची पुस्तकं, आमची चळवळ, आणि तुम्ही वाचा. गुरू घासीदासांची जयंती 18 डिसेंबरला असते एवढंच आमच्यातल्या कित्येकांना माहीत असतं, ते पण सुट्टी असते म्हणून. मी तिला सौरभ दुबे यांचं 'अनटचेबल पास्ट्स' आणून दिलं, 1998चं, सतनामींच्या 1780 ते 1950 या काळाबद्दल. इंग्रजी जड, आम्ही दोघी शब्दकोश घेऊन बसायचो. आठवड्याला दहा पानं, कधी चारच. एके दिवशी तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, हे माझी आजी असं सांगत नाही.

मी आधी संशोधकाच्या थाटात म्हणाले, अगं, पण त्यांनी कागदपत्रं पाहिली आहेत. मग माझ्याच लक्षात आलं की ती पुस्तकाशी बोलायला लागली आहे. दुबे यांनीही सतनामींच्या तोंडच्या कथा गांभीर्याने घेतल्या आहेत, तेव्हा आजीचं सांगणं त्यांच्या पुस्तकाशेजारी ठेवायला काहीच हरकत नाही. आता ती आजीकडून पंथी गीतं आणि त्यांच्याभोवतीच्या गोष्टी लिहून घेते आहे, शाळेच्या दोनशे पानी वहीत. मला वाचायला दिली. छत्तीसगढी मला बोलता येते, वाचताना अडखळते. या वेळी शब्दाचा अर्थ विचारायला मी तिला फोन करते.

'जातिनिर्मूलन' मुद्दाम शेवटी ठेवलं, पहिलं नाही. 1936चं ते भाषण लाहोरच्या मंडळाने रद्द केलं आणि बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशाने दीड हजार प्रती छापल्या, ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण पुस्तक पूर्ण वाचलेले हात वर करा म्हटलं तर? राहू द्या, करू नका. मीही एम.ए.पर्यंत त्यातली वाक्यं फक्त पोस्टरवरच वाचली होती. त्याला सलग तीन संध्याकाळी लागतात, आणि सोबत कोणीतरी लागतं. पुढच्या तीन रविवारी आपण इथेच बसू, मोठ्याने वाचू. ज्याला जे समजणार नाही त्याने तिथे थांबवायचं, पान संपेपर्यंत वाट पाहायची नाही.

मागच्या टेबलावर माझी बॅग आहे. 'दोहरा अभिशाप' दोन आहेत. 'वस्ती'ची एकच प्रत आहे आणि तिचं मागचं कव्हर गेलंय, ते कोणी शोधू नका. एकाने एकच घ्यायचं. शेजारी वही आहे, तिच्यात नाव आणि तारीख लिहा. आणि परत आणाल तेव्हा पुढचं कोणतं द्यावं ते मला सांगू नका, हे कसं वाटलं ते सांगा.