मंद आचेवरची अळणी

घरातला माणूस तापातून उठला, तोंडाला चव नाही, की कोल्हापूरकडे अळणी करतात. नाव अळणी; मीठ मात्र असतं, तिखट तेवढं नसतं.

गावठी कोंबडी हाडांसकट घ्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तेल-कांद्यावर परता. झाकणीत पाणी ठेवा आणि तेच कढत पाणी लागेल तसं आत सोडा. मग लाकडं मागं ओढून निखाऱ्यावर दीड-दोन तास. घाई केलीत तर मांस चिवट राहील. गाजर, दुधी शेवटच्या अर्ध्या तासात. शहरातल्या लेकीकडे विजेचं मंद आचेचं भांडं असेल, तर तिथं उलट: बाजारची कोंबडी लवकर शिजते, गाजर-बटाटा आधी तळाशी हवा.

अळणी निवल्यावर थरथरली, तर बिघडली असं समजू नका. सांध्यांतला चिवट भाग विरघळून त्याचं जिलेटिन होतं. गुरुजींनी मुलांना हे जरूर दाखवावं.

एक मात्र सांभाळा. रात्रभर चुलीपाशी कोमट राहिलेली अळणी सकाळी आजाऱ्याला देऊ नका. कोमटपणात जंतू वाढतात, आणि पुन्हा उकळली तरी त्यांचं काही विष मागं राहतं. उरलेली अळणी घरच्यांनी रात्रीच संपवावी.