सिमेंट, पाणी आणि पावशेर रसायन
(पालक-शिक्षक मेळाव्यात दिलेले भाषण)



भाषा शिकविणारा हा मास्तर सिमेंट-काँक्रीटवर काय बोलणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. पण आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे वडील, चुलते किंवा मामा गवंडीकाम, सेंट्रिंग, सळईकाम करतात. कोणी गावात, कोणी मुंबईत, कोणी आखातात. आणि कोणताही धंदा असो, आपल्या माणसाची जन्मभराची कमाई अखेर चार भिंती आणि एका स्लॅबमध्येच जाते. तो स्लॅब वीस वर्षांत पोपडे धरून गळू लागला, तर नुसते सिमेंट वाया जात नाही, एका माणसाचे परदेशातील उमेदीचे आयुष्य वाया जाते. म्हणून हा विषय.

सिमेंट वाळते म्हणून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होतो आणि त्यातून दगडासारखा पदार्थ तयार होतो. या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरते. म्हणजे ५० किलोच्या पिशवीला सुमारे १२ ते १३ लिटर. पण एवढ्याच पाण्यात कालविलेला माल घमेल्यातून सुटणार नाही, सळ्यांच्या मध्ये उतरणार नाही. म्हणून आपण पाणी वाढवितो. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि जाताना काँक्रीटमध्ये केसाहून बारीक वाटा ठेवून जाते. त्या वाटांनी ताकद घटते आणि त्याच वाटांनी पावसाचे पाणी व समुद्राची खारी हवा आत शिरते.

अमेरिकेतील डफ अब्रॅम्स या संशोधकाने १९१८ साली असंख्य चाचण्यांवरून हा नियम मांडला : खडी-वाळू चांगली असेल, तर काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. पिशवीला २५ लिटर पाणी घालावयाचे असताना ३० लिटर घातले, तर ताकद सुमारे पाचव्या हिश्श्याने उतरते. पाच लिटर म्हणजे केवढे? “माल घट्ट झाला, सोड रे पाणी,” अशी हाक आली की बिगारी एका झटक्यात तेवढे ओततो. ताकद अशी फुकटात जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता पेच असा : पाणी कमी तर काम होत नाही, पाणी जास्त तर काम टिकत नाही. हा पेच सोडविण्यासाठी जी रसायने आहेत त्यांना बांधकामावर ‘अॅडमिक्श्चर’ किंवा नुसते ‘केमिकल’ म्हणतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. चुन्याच्या कामात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर घालण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. आजचे रसायन हे त्याच विचाराचे, पण मोजून-तपासून केलेले रूप आहे.

यातले सर्वांत उपयोगी रसायन म्हणजे ‘प्लॅस्टिसायझर’. सिमेंटचे कण पाण्यात पडले की एकमेकांना चिकटून त्यांच्या गाठी होतात आणि त्या गाठींत पाणी अडकून बसते. प्लॅस्टिसायझर कणांवर बसते आणि त्यांना सारखाच विद्युतभार देते. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात, हे आमचे विद्यार्थी विज्ञानात शिकतातच. गाठी सुटतात, अडकलेले पाणी मोकळे होते आणि कमी पाण्यातही माल सैल राहतो. कागदासाठी लाकडाचा लगदा करताना जे द्रव्य उरते त्यापासून पहिली अशी रसायने झाली. त्यांनी पाणी ५ ते १० टक्के वाचते. पुढे १९६०च्या दशकात जपान व जर्मनीत ‘सुपरप्लॅस्टिसायझर’ निघाली आणि ही बचत २० ते ३० टक्क्यांपर्यंत गेली. साध्या जातीचे प्रमाण पिशवीला साधारण १०० ते २५० ग्रॅम, म्हणजे फार तर पावशेर! दुबईचा बुर्ज खलिफा जानेवारी २०१० मध्ये खुला झाला. त्याचे काँक्रीट पंपाने ६०० मीटरहून अधिक उंच चढविले गेले. नुसते पाणी वाढवून हे कधीच साधले नसते.

दुसरी जात माल उशिरा घट्ट करणाऱ्या रसायनांची, म्हणजे ‘रिटार्डर’ची. उन्हाळ्यात किंवा माल लांबून गाडीने आणावयाचा असेल तेव्हा ती लागतात. आपल्या घरातली साखरसुद्धा हेच काम करते. पिशवीला २५ ग्रॅम साखर पडली तर सिमेंट काही तास उशिरा घट्ट होते. १०० ग्रॅम पडली तर ते घट्ट होण्याचे जवळजवळ थांबतेच. तात्पर्य, औषध तेच, माप चुकले की विष.

तिसरी जात माल लवकर घट्ट करणाऱ्यांची, म्हणजे ‘अॅक्सिलरेटर’ची. येथे मात्र फार सावध राहावे. यातले सर्वांत जुने आणि स्वस्त रसायन म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. सेंट्रिंग लवकर मोकळे होते म्हणून ते ठेकेदाराला प्रिय. परंतु क्लोराइड हा पोलादाचा वैरी आहे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा मागतो, आणि काँक्रीट आतून फुटते. ब्रिटनमध्ये १९७७ साली सळईच्या काँक्रीटमध्ये त्याचा वापर बंद करण्यात आला.

आपण तर समुद्राच्या काठी राहतो. येथे वाराच क्लोराइड घेऊन येतो. गोव्यात पणजीजवळचा मांडवी नदीवरील पूल १९७०च्या सुमारास झाला आणि जुलै १९८६ मध्ये कोसळला. आतील ताण दिलेले पोलाद गंजले, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. पुलाची ही गत, तर आपल्या गच्चीची काय कथा! म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत किनाऱ्याच्या उघड्या हवेतील सळईच्या काँक्रीटसाठी पाण्याची मर्यादा सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट घातली आहे. म्हणजे पिशवीला साडेबावीस लिटर. एवढ्या पाण्यात माल सळ्यांत नीट उतरावयाचा, तर प्लॅस्टिसायझरची मदत घ्यावी लागते. ते श्रीमंतांच्या मनोऱ्यांसाठीच आहे, हा समज सोडून द्यावा.

पण रसायन म्हणजे जादू नव्हे. खारी वाळू, कमी सिमेंट, वाकडी-तिकडी खडी यांचे पाप कोणतेही रसायन धूत नाही. रसायन घातले आणि पाणीही तेवढेच ठेवले, तर माल अधिक सैल होईल, ताकद वाढणार नाही. आणि स्लॅबवर पाणी मारणे चुकत नाही : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस.

तेव्हा स्लॅबच्या दिवशी घरधन्याने चार गोष्टी पाहाव्यात. पाणी पाइपाने नव्हे, मापाच्या बादलीने पडते ना? वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणी वजा केले ना? ओली वाळू पिशवीमागे तीन-चार लिटर पाणी गुपचूप आणते. डब्यावर आयएस ९१०३ हा क्रमांक आहे ना, आणि त्यात क्लोराइड नाही असे लिहिले आहे ना? आणि प्रमाण अंदाजाने नव्हे, डब्यावर छापल्याप्रमाणे, पाण्यात मिसळून घातले जाते ना?

विद्यार्थी मित्रहो, येथे तुमचे काम आहे. डब्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. तीस वर्षे थापी चालविलेल्या हाताला मालाची पारख तुमच्या माझ्याहून अधिक असते, पण तो मजकूर वाचता येतोच असे नाही. सुटीच्या दिवशी वडिलांच्या कामावर जा. डबा हाती घ्या, मोठ्याने वाचा, टक्केवारीचे ग्रॅम करून सांगा. वर्गात टक्केवारीची गणिते कशासाठी, असे तुम्ही विचारता, ती यासाठी. आणि वडीलधाऱ्यांना माझी विनंती, की पोराने माप विचारले तर “तुला काय कळते” असे म्हणू नका. त्याला बादली धरू द्या. त्याचे शिक्षण आणि तुमचा अनुभव एका घमेल्यात आले, तर आपली घरे आपल्या नातवंडांपर्यंत उभी राहतील.