ओटीपोटातील कळा आणि अंगठ्याचा दाब

(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत सराफा, जबलपूर येथे दिलेले व्याख्यान)



मासिक पाळीच्या त्रासाविषयी मंडळाच्या व्यासपीठावरून बोलणे काहींना अप्रशस्त वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून अशा विषयांवरील पडदा मराठीतूनच दूर सारला, ही गोष्ट ध्यानी घेतली, तर आज आपण काही नवे धाडस करीत आहोत असे नाही. ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसण्याची रीत आपल्या बहुतेक घरांतून गेली. मात्र त्या रीतीबरोबर आलेले मौन अजून गेलेले नाही. मुलगी पोट धरून निजते, आई ‘होतं असं, सहन कर’ म्हणते, आणि विषय तेथेच संपतो.

या त्रासावर ॲक्युप्रेशर, म्हणजे शरीरावरील ठराविक बिंदूंवर बोटाने दाब देण्याचा उपाय, आज पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. आपण ज्या सराफ्यात जमलो आहोत, तेथील रीत या बाबतीत उपयोगी पडेल. कोणी दागिना आणला, तर सराफ तो पाहताक्षणी परत करीत नाही आणि डोळे मिटून विकतही घेत नाही. तो कसाला लावतो, सोने किती व मिश्रण किती हे पाहतो, आणि मग मोल सांगतो. या उपायाचेही तसेच करू.

प्रथम दुखणे समजून घेऊ. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळले जातात, त्यांना होणारा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, आणि ओटीपोटात कळा उठतात. त्या कंबरेकडे व मांड्यांकडे पसरतात. कोणाला मळमळते, कोणाला जुलाब होतात. स्राव सुरू होण्याच्या सुमारास आरंभ आणि दोनतीन दिवसांत उतार, हे या साध्या दुखण्याचे लक्षण होय. जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले की, ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. या क्षेत्रातील संशोधनासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा या कळांना शरीरात कारण आहे; त्या मनाचे खेळ नव्हेत आणि नाजूकपणाही नव्हे. पाळीच्या काही दिवस आधी येणारी चिडचीड, छातीचा जडपणा, पोटफुगी, डोकेदुखी आणि उगाचच भरून येणारे डोळे हा त्रास वेगळा. तो शरीरातील अंतःस्रावांच्या चढउताराशी निगडित असून पाळी आल्यावर बहुधा ओसरतो.

आता उपायाच्या उगमाकडे वळू. ही विद्या चीनमधील आहे. पण तिच्या भारतातील आगमनाच्या कथेत आपल्या माणसांचा आणि आपल्या शहराचाही धागा गुंफलेला आहे. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, युद्धग्रस्त चीनला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठविण्यात आले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू होते. पुढच्याच वर्षी, मार्च १९३९ मध्ये, सुभाषबाबू जबलपूरजवळ त्रिपुरीला भरलेल्या अधिवेशनाचे पुन्हा अध्यक्ष झाले. त्या अधिवेशनाची आठवण सांगणारे कमानिया गेट येथून हाकेच्या अंतरावर उभे आहे, आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयाला सुभाषबाबूंचेच नाव आहे. डॉ. कोटणीस १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच निवर्तले. डॉ. बसू मात्र परतले. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चीनमध्ये सुयांची चिकित्सा, म्हणजे ॲक्युपंक्चर, शिकून घेतली आणि ती कलकत्त्यास सुरू केली. त्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटाचा दाब दिला म्हणजे ॲक्युप्रेशर झाले.

पाळीच्या त्रासासाठी सर्वांत अधिक वापरला जाणारा बिंदू पायावर आहे. घोट्याच्या आतील बाजूस जे हाड वर आलेले असते, त्याच्या टोकापासून आपलीच चार बोटे आडवी ठेवून वर मोजावे, आणि नडगीच्या हाडाच्या लगत मागच्या बाजूस अंगठा टेकवावा. दाबले असता ही जागा इतर जागांपेक्षा किंचित हळवी लागते. चिनी नावाचा अर्थ ‘तीन यिन प्रवाहांची भेट’ असा आहे. आपण त्याला त्रिवेणीचा बिंदू म्हणू. दुसरा बिंदू पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यातून दोन बोटे घोट्याकडे सरकल्यावर खोलगट भागात सापडतो. तिसरा हाताच्या पाठीवर, अंगठा व तर्जनी यांच्यामधील मांसल भागात आहे.

स्वस्थ बसावे, श्वास संथ ठेवावा. अंगठ्याने हळूहळू दाब वाढवावा. जडसर दुखेल इतपत तो असावा, कळ निघेल इतका नसावा. सुमारे एक मिनिट दाबून सोडावे, मग दुसऱ्या अंगास तसेच करावे. पाळी अपेक्षित असेल त्याच्या पाचएक दिवस आधीपासून रोज दोन वेळा आणि पाळीच्या दिवसांत गरजेनुसार अधिक वेळा, असा क्रम ठेवता येतो. गरम पाण्याच्या पिशवीचा शेक बरोबर चालू ठेवावा. तोही चांगला उपाय आहे.

आता कसोटी. बर्लिनमध्ये १८ ते ३४ वर्षे वयाच्या २२१ स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने नेहमीच्या उपचारांबरोबर याच तीन बिंदूंवर स्वतः दाब दिला, दुसऱ्याने दिला नाही. शून्य ते दहा या मापावर तिसऱ्या पाळीच्या वेळी दोन गटांच्या वेदनेतील अंतर अर्ध्या अंकाहून थोडेसेच अधिक होते. सहाव्या पाळीपर्यंत ते दीडच्या जवळ गेले. म्हणजे लाभ आहे, पण माफक आहे आणि तो सातत्याने वाढतो. शिवाय कोणता गट दाब देत आहे हे त्या स्त्रियांना ठाऊकच होते. तेव्हा अपेक्षेचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. अशा अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करणाऱ्या तज्ज्ञांनी आजवरच्या पुराव्याला कमकुवत म्हटले आहे. पाळीपूर्व त्रासाबाबत तर तो आणखी तोकडा आहे. ज्या प्रवाहांची कल्पना या शास्त्रात आहे, ते शरीरविच्छेदनात कोठे आढळलेले नाहीत. दाबामुळे मज्जातंतूंतून जाणारे संदेश वेदनेचे संदेश काही अंशी अडवीत असावेत, असा तर्क केला जातो. तेव्हा माझे मोल असे : हा दागिना बावनकशी नव्हे, पण पितळही नव्हे. त्याला पैसा लागत नाही, आणि नीट वापरल्यास अपाय जवळजवळ नाही.

‘जवळजवळ’ म्हटले, त्यालाही अर्थ आहे. गर्भवती स्त्रीने, किंवा दिवस गेल्याची शंका असेल तिने, घोट्यावरचा व हातावरचा बिंदू दाबू नये, असा संकेत आहे, तो पाळावा. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, सूज वा जखम असेल, रक्ताची गाठ झालेली असेल, तर तेथे दाब देऊ नये.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. दाबाने थोडे बरे वाटते म्हणून खरा आजार घरातच दडून राहणे, हा तो धोका. दुखणे वर्षागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही राहत असेल, शौचाच्या वा शरीरसंबंधाच्या वेळी होत असेल, तर एंडोमेट्रिऑसिससारख्या विकाराची तपासणी व्हावयास हवी. हा विकार ओळखला जाण्यास अनेक स्त्रियांची वर्षेच्या वर्षे जातात, कारण दुखणे स्वाभाविकच असते असे त्यांना घरीदारी सांगितलेले असते. तासातासाला पॅड बदलावे लागणे, मोठ्या गाठी पडणे, ताप येणे, पाळी चुकल्यावर एकाएकी कळा येणे, यांतही थांबू नये. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अति स्राव ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हे. साध्या दुखण्यातही डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घेतलेली गोळी हा कमीपणा मानू नये.

आपल्यासारख्या दूर राहणाऱ्या कुटुंबांना एक जादा अडचण आहे. महाराष्ट्रातून नव्याने आलेली सून येथील दवाखान्यात ‘अंगावरून फार जातं’ म्हणते, आणि हिंदी ऐकणाऱ्या कानांना त्यातून काहीच बोध होत नाही. म्हणून चार शब्द घरातच शिकवावेत : ओटीपोट म्हणजे ‘पेडू’, कळा म्हणजे ‘मरोड़’, पाळी म्हणजे ‘महीना’, आणि स्राव फार होतो म्हणजे ‘खून ज़्यादा जाता है’. बरोबर तारखांची वही न्यावी : कोणत्या दिवशी पाळी आली, किती दिवस टिकली, दुखणे कधी सुरू झाले. अशी वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

बंधूंनो, आपणही येथे बसलात, याबद्दल आभार. घरातील तपासणीचा खर्च करावयाचा की नाही, सुट्टी घ्यावयाची की नाही, हे पुष्कळदा आपल्या होकारावर ठरते. तो मागावा लागू नये.

भगिनींनो, लेकीचा पाय मांडीवर घेऊन चार बोटे मोजाल, तेव्हा दाबाबरोबर दोन प्रश्नही विचारा : किती दुखते, आणि केव्हापासून? दाबाने कळा थोड्याफार कमी होतील. या प्रश्नांच्या उत्तरांतून मात्र एखादा दडलेला आजार वेळेवर उजेडात येईल.