रूळ आणि चाव्या



मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. विज्ञानाशी ओळख एसएससीपर्यंतची. तरीही आज मेंदूतल्या पेशींविषयी बोलणार आहे, कारण माझ्या अम्मीच्या आजारानं हा अभ्यास माझ्याकडून करून घेतला.

अम्मी जेवून हात धुवायची आणि दहा मिनिटांत शेजारणीला सांगायची, ‘सकाळपासून मला कुणी जेवायला वाढलं नाही.’ आमची मान खाली जायची. एकदा मी ओरडलो, ‘मुद्दाम करतेस का?’ ती घाबरून पदर तोंडाशी धरून बसली. पुढे दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. ती मुद्दाम काहीच करत नव्हती. मग काय होत होतं? ते मी समजून घेतलं, तेच सांगतो.

माझे अब्बा रेल्वेत चावीवाले होते. रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून ठरलेल्या पट्ट्यात रुळाच्या कडेनं चालायचे. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या चाव्या गाड्यांच्या हादऱ्यानं सैल होतात. त्या ठोकून पुन्हा बसवायच्या, हे त्यांचं काम.

मेंदूच्या चेतापेशीतही रूळ असतात. पेशीत तयार झालेला माल तिच्या लांब तंतूच्या टोकापर्यंत पोचवायचा, तर वाट हवी. ती वाट म्हणजे सूक्ष्मनलिका. प्रथिनांच्या या पोकळ नळ्या इतक्या बारीक, की एका मिलिमीटरच्या रुंदीत चाळीस हजार मावतील. त्यांना बळकटी देणारं ‘टाऊ’ नावाचं प्रथिन 1975 साली अमेरिकेत प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी शोधलं. दृष्टान्त फार ताणायचा नाही, पण टाऊ म्हणजे त्या रुळांच्या चाव्या.

आता ताण. घरातली कटकट किंवा ऑफिसची धावपळ, तो ताण इथे अभिप्रेत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण त्याला प्राणवायू लागतो सुमारे वीस टक्के. जिथे इतकं जळण, तिथे धूर आलाच. ऊर्जा तयार होताना प्राणवायूचे काही उपद्रवी रेणू सुटतात आणि आसपासच्या प्रथिनांना इजा करतात. निरोगी पेशीत त्यांना आवरणारे पदार्थ असतात. बिघडलेली प्रथिनं सरळ करणारी, नाहीतर मोडीत काढणारी यंत्रणाही असते. वय वाढतं, पेशींबाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात आणि दुरुस्ती मागे पडत जाते. हा पेशीवरचा ताण.

अशा ताणात काही एन्झाइम टाऊवर फॉस्फेटचे कण चिकटवत सुटतात. थोडे फॉस्फेट एरवीही असतंच. फार झालं की टाऊची रुळावरची पकड सुटते. सुटलेले टाऊ एकमेकांना चिकटून त्यांचे गुंते होतात आणि पेशीवरचा ताण आणखी वाढतो. इकडे रूळ खिळखिळे होतात, माल वाटेत अडतो, टोकं उपाशी पडतात, शेजारच्या पेशीशी असलेला संपर्क तुटतो. सुरुवात नेमकी कुठून होते, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण एक बिघाड दुसऱ्याला वाढवतो, हे दिसून आलं आहे.

1901 साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची बाई डॉक्टर आलोइस अल्झायमर यांच्यापुढे आली. नाव लिहायला सांगितलं, तर ‘श्रीमती’ एवढंच लिहून थांबली, पुढचं आठवेना. 1906 मध्ये ती वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना डॉक्टरांना पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. ते टाऊचे आहेत, हे कळायला 1980 चं दशक उजाडलं.

अल्झायमरमध्ये हे गुंते सहसा आधी होतात ते ताज्या आठवणी साठवण्याशी संबंधित भागात. म्हणून अम्मीला आत्ताचं जेवण आठवत नव्हतं. अब्बांच्या डब्यात ती काय भरून द्यायची, ते मात्र आठवत होतं.

गेलेली स्मृती परत आणणारं औषध आजही नाही. काही नवी औषधं अमायलॉइड काढून आजाराची गती थोडी कमी करतात, इतकंच. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानं 2024 मध्ये सांगितलं, की चौदा गोष्टी सांभाळल्या तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. त्यात रक्तदाब आहे, मधुमेह आहे, धूम्रपान आणि एकटेपणा आहे, आणि कमी ऐकू येणंही आहे. अम्मीला कितीतरी वर्षं कमी ऐकू येत होतं. ‘वय झालं’ म्हणून आम्ही सोडून दिलं.

तुमच्या घरात कुणी एकच प्रश्न पाचव्यांदा विचारला, तर पाचव्यांदा उत्तर द्या आणि वेळेवर डॉक्टरांकडे न्या. ओरडू नका. ओरडल्यानं सुटलेली चावी बसत नाही.

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी घरात शिरलो. अम्मीनं विचारलं, ‘आप कौन? किससे मिलना है?’ मी म्हणालो, ‘आपसेच.’ ती सरकून बसली, सतरंजीवर जागा केली आणि म्हणाली, ‘बैठो. खाना खाको जाओ.’