अर्ध्या वेळेचा विद्यार्थी

(विहाराच्या वर्धापनदिनी टेंभुर्णी येथे केलेले भाषण)



समितीने आम्हांला 'आजचा तरुण आणि शिक्षण' असा विषय दिलेला आहे. विषय फार मोठा आणि आम्ही पडलो नववीतून शाळा सोडलेले गिरणी कामगार. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर म्हणून आमचे आयुष्य गेले. सायडर म्हंजे काय, तर फ्रेमच्या पुढून चालत राहायचे आणि जिथे धागा तुटला तिथे तो जोडायचा. पाळीभर तेच. वाचन म्हणाल तर सरकारने १९७९ पासून बाबासाहेबांचे लिखाण खंडाखंडाने छापायला घेतले, त्यातले हाती लागतील ते खंड रात्रपाळीच्या सुट्टीत कँटीनच्या बाकावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. तेवढीच आमची शाळा. म्हणून साऱ्या तरुण पिढीवर न बोलता आम्ही एका पोराबद्दल बोलणार आहोत. तो आमचा भाचा आहे. त्याचे नाव सांगत नाही, तो पाठीमागे उभा आहे आणि लाजून पळून जाईल.

आपले टेंभुर्णी तुम्हांला माहीत आहे. पुणे-सोलापूर हमरस्ता गावाला लागून गेलेला. उजनीचे पाणी आले, पाण्यापाठोपाठ ऊस आला, उसापाठोपाठ साखर कारखाने आले, एमआयडीसी झाली. पोरांना काम मिळते. काम मिळते हेच कधी कधी नडते, कारण बारावी झालेले पोर पहिला पगार हातात पडला की वह्या माळ्यावर टाकते. आमच्या भाच्याने तसे केले नाही. तो एका कारखान्यात पाळीवर जातो आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करतो. आणि उरलेल्या वेळात, म्हंजे आमच्या दृष्टीने जो वेळ उरतच नाही त्यात, तो कॉम्प्युटर खोलतो.

त्याचा दिवस बघा. पहिली पाळी असली तर पहाटे पाचला उठायचे, डबा घ्यायचा, सायकल काढायची. चारला घरी. तासभर झोप. मग कुणाचा तरी बंद पडलेला कॉम्प्युटर आलेला असतो, झेरॉक्सवाल्याचा, नाहीतर एखाद्या पतसंस्थेतला. तो दुरुस्त करायचा. रात्री जेवण झाले की विद्यापीठाची पुस्तके. रात्रपाळी असली तर हे सगळे उलटे. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्र असते, पण रविवारी कारखान्याला सुट्टी असेलच असे नाही. पाळी दर आठवड्याला बदलते, झोपेची घडी बसते न बसते तोच मोडते. आम्ही स्वतः तीस वर्षे पाळ्या केल्या, त्यामुळे डोळ्यांखालची काळी वर्तुळे बघून कुठली पाळी चालू आहे हे आम्ही सांगू शकतो.

आता आमची चूक सांगतो. २०१६ नंतर मोबाइलवर इंटरनेट स्वस्त झाले आणि गावोगावचे नेट कॅफे ओस पडू लागले. असाच एक कॅफे मोडला, तेव्हा ह्या पोराने तीन जुनी मशिने भंगाराच्या भावात उचलून आणली. बहिणीच्या घरात पत्र्याखाली एकच खोली. त्यात ही तीन धुडे, पोटे उघडी, वायरी बाहेर. बहीण रडकुंडीला आलेली. आम्ही गेलो आणि ताडताड बोललो. म्हटले, "अरे, नोकरी कर नाहीतर अभ्यास कर. हे तिसरं भूत कशाला? उद्याच्या उद्या भंगारवाल्याला दे." पोर उलटून बोलले नाही. एवढेच म्हणाले, "मामा, एकदा बघा तरी. मग देतो."

त्याने एका मशिनचे बटण दाबले. टूं टूं असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. मग त्याने बटण बंद करून वायर काढली, आतून एक बोटभर रुंदीची हिरवी पट्टी उपसली, तिला रॅम म्हणतात, आणि तिच्या पिवळ्या दातांवर शाळेतले साधे खोडरबर घासले. पट्टी परत बसवली. मशीन चालू झाले. आम्ही बघतच राहिलो. म्हणाला, "काही झालं नव्हतं मामा, दातांवर मळ बसला होता. दुकानदार याचेच पाचशे घेतात." मग एक बटणासारखा तीन व्होल्टचा सेल दाखवला. हा सेल संपला की मशीन तारीख-वेळ विसरते आणि लोकांना वाटते मशीनच गेले. मग फुगलेले कपॅसिटर दाखवले, पावसात फुगलेल्या हरभऱ्यासारखे.

बंधूंनो, त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. कारण आम्हांला आमचीच जुनी गोष्ट आठवली. गिरणीत नवीन होतो तेव्हा फ्रेमच्या गिअरच्या पेटीत काय असते हे बघायची आम्हांला फार हौस होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत झाकण उघडले. जॉबरने पाहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझं काम धागा जोडायचं. पेटी उघडायचं काम तुझ्या बापाचं पण नव्हतं." यंत्र चालवायचे आपण आणि उघडायचे दुसऱ्याने, ही वाटणी आम्ही मुकाट मान्य केली. आणि तीस वर्षांनी स्वतःच्या भाच्याला आम्ही काय सांगितले? झाकण लाव.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, बाबा रे, ह्याच्या आत नेमके चालते काय ते सांग. तो सांगू लागला, वीज आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, बस्स, सगळे त्यावर. आम्ही म्हणालो, थांब, हे आम्ही कुठेतरी पाहिले आहे. आमचे सासरे सोलापुरात चादरीच्या मागावर होते. १८७७ साली पहिली गिरणी निघाली तेव्हापासून सोलापूर हे सुताचे गाव. चादरीवर मोर, फूल, अक्षरे उठतात ती जॅकार्डमुळे. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्यांची माळ फिरत असते. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, हूक उचलला जातो, ताण्याचा धागा वर येतो. भोक नाही तिथे धागा खालीच राहतो. भोक आहे किंवा नाही, एवढ्यावर सगळी नक्षी. भाच्याने कुठून तरी शोधून आम्हांला सांगितले, की फ्रान्समधल्या जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास हा माग काढला, आणि पुढे इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी ह्याच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. अमेरिकेने १८९० ची जनगणना भोकाच्या कार्डांवर मोजली. म्हंजे कॉम्प्युटर हे काही साहेबाच्या घरचे आकाशातून पडलेले नाही. त्याच्या खानदानात एक माग आहे. हे कळल्यापासून आम्हांला त्या यंत्राची भीती वाटेनाशी झाली. हे टिपणसुद्धा आम्ही त्याच्याच मशिनवर एका बोटाने टाइप केले आहे, जोडाक्षरे त्याने दुरुस्त केली.

त्या मशिनवर त्याने लिनक्स घातले आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशिनवर चालते. १९९१ साली फिनलंडमधल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली आणि सगळ्यांना खुले करून टाकले. असो, त्यातले आम्हांला फार कळत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढा हुशार तर कॉम्प्युटरचीच डिग्री का करत नाही? त्याची फी आणि रोजची हजेरी पाळीवाल्याला परवडत नाही, हे त्याचे उत्तर. म्हणून बी.कॉम. आणि इथे आम्ही भाच्याचे कौतुक थांबवून खरे बोलतो. मशीन खोलायला बसला की त्याला भान राहत नाही. परीक्षा चार दिवसांवर आणि हा रात्री दोनपर्यंत कुणाच्या तरी मशिनवर. अकाउंटच्या पेपरात एकदा नापास झाला. हाताला येते ते कागदावर उतरत नाही, ही आपल्या पोरांची मोठी अडचण आहे. आता आम्ही त्याला सांगतो, जे दुरुस्त केलेस ते वहीत चार ओळींत लिही, काय बिघडले, कसे ओळखले, काय केले. सहा महिन्यांत दोन वह्या भरल्या. लिहायची सवय लागली ती पेपरात कामाला आली.

काम करत शिकणे ही आपल्याकडे कमीपणाची गोष्ट कधीच नव्हती. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, ती स्वतःच्या घरी. बाबासाहेब परळच्या चाळीत एका खोलीत शिकले. घरात जागा नाही म्हणून संध्याकाळी लवकर झोपायचे आणि रामजी सुभेदार त्यांना रात्री दोनला उठवायचे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, आपल्याच जिल्ह्यात. १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ कॉलेज निघाले तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, पोराने शिकून मग नोकरीवर जावे म्हणून. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झाले, तिथे बारावी नसलेल्यालासुद्धा पूर्वतयारी करून पदवीला बसता येऊ लागले. ह्या सगळ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. कामकरी माणसाला अक्कल कमी नसते, त्याची वेळ वेगळी असते. शाळेने त्याची वेळ पाळली पाहिजे.

आणि आपण? आपण काय पाळले? गेल्या वर्षी भाच्याचा पेपर होता, केंद्र परगावी. त्याने आठ दिवस आधी रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला बघू. आदल्या रात्री म्हणाला माणूस नाही. पोराने पाळी केली, पेपर गेला, वर्ष लांबले. आम्ही युनियनचे काम केलेली माणसे. बोनससाठी, ग्रॅच्युइटीसाठी, कँटीनच्या चहासाठी आम्ही अर्ज लिहिले, घोषणा दिल्या. पण परीक्षेच्या रजेसाठी आम्ही आयुष्यात एकसुद्धा अर्ज लिहिला नव्हता. आमच्याच खात्यात किती पोरे अशी मध्येच सोडून गेली असतील, आम्ही विचारलेही नाही. ही गोष्ट आम्हांला आजही बोचते. यंदा मात्र महिनाभर आधी आम्ही पाचजण परीक्षेचे वेळापत्रक घेऊन कारखान्यात गेलो. भांडायला नाही. पाळी बदलून घ्यायला एक माणूस तयार करून, त्याची सही घेऊनच गेलो. दहा मिनिटांत काम झाले. दहा मिनिटांचे काम होते हो.

आता विहाराच्या मागच्या खोलीविषयी. समितीत यावर दोन मते आहेत आणि आम्हांला ती लपवायची नाहीत. काही ज्येष्ठ म्हणतात, पवित्र जागेत भंगार नको, पोरे रात्री पिक्चर बघत बसतील, वीजबिल कोण भरणार. बिलाचा मुद्दा खरा आहे. वेगळा सबमीटर बसवू आणि दुरुस्तीच्या पैशांतला काही भाग पोरे देतील, भाच्याने हे कबूल केले आहे. पिक्चर बघतील, तर बघतील थोडा वेळ. आम्ही काय तरुणपणी टुरिंग टॉकीजला गेलो नाही? पण खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायची ही जी सूचना आहे ती आम्हांला पटत नाही. दुसऱ्या पाळीचे पोर तेव्हा कारखान्यात असते. आणि मुलींचा विचार कुणी केला नाही. आपल्या वस्तीत दोन पोरी दुकानात कामाला जाऊन शिकतात, त्यांना अंधार पडल्यावर घरचे सोडत नाहीत. त्यांना दुपार पाहिजे. म्हणून पहाटे पाच ते आठ, दुपारी एक ते चार आणि रात्री असे तीन वेळ ठेवावेत.

एक टेबल असे पाहिजे, की त्यावर उघडलेले मशीन उघडेच राहील, झाडताना कुणी आवरणार नाही. घरात एकच खोली असणाऱ्याला हे सुख मिळत नाही.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी सक्त ताकीद. मशिनला वीज पुरवणारा जो पत्र्याचा डबा असतो, एसएमपीएस, तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या पुढे करंट साठलेला असतो, माणूस फेकला जातो. जुन्या डबा मॉनिटरची काच फोडायची नाही, तिच्यात शिसे असते. तांब्यासाठी वायरी जाळायच्या नाहीत, तो धूर विषारी असतो. भंगारात जे जाईल ते नोंदणी असलेल्याकडेच जाईल. ह्या गोष्टी भाच्याने पाटीवर लिहून भिंतीला लावल्या आहेत, खालून दुसऱ्या ओळीत शुद्धलेखनाची एक चूक आहे, ती तशीच आहे अजून.

येत्या सोमवारपासून खोली उघडत आहोत. तूर्त दोन मशिने, एक टेबल, चार खुर्च्या. तिसरे मशीन अजून बोलत नाही, पण त्याच्यावर काम चालू आहे. ह्या आठवड्यात आमची दुसरी पाळी आहे, त्यामुळे पहाटेची किल्ली आमच्याकडे. दुपारची किल्ली समोरच्या घरात आमच्या बहिणीकडे ठेवली आहे. तीच, जी ह्या मशिनांपायी रडकुंडीला आली होती. किल्ली घेणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहावी.

जयभीम.